रूपलीबाईच्या घराची मोजणी

रस्ता कोणाला नको होता? सावरीपाड्यात तरी कोणालाच नाही. काठी गावाच्या पुढे एक डोंगर उतरायचा, दुसरा चढायचा, मधले ओहोळ ओलांडायचे, तेव्हा कुठे हा पाडा लागतो. बाळंतपणात अडलेली बाई असो की साप चावलेला गडी, झोळीत घालून खांद्यावरून न्यायचा, आणि निम्म्या वाटेत काय होईल ते देवमोगरा मातेच्या हातात. तेव्हा डांबरी रस्ता होणार, ओहोळावर पूल होणार म्हटल्यावर पाड्यात नाराज माणूस औषधालाही सापडत नव्हता. आणि गजालाची नेमकी तिथेच पंचाईत झाली होती.

गजाला शहाद्याची. वडील वाहिदभाई, त्यांचं गाद्या भरायचं दुकान. पोरगी लोणखेड्याच्या कॉलेजात शिकली, मग समाजकार्याची पदवी घेतली, आणि एका संस्थेत कामाला लागली. काम असं, की सरकारचा रस्ता, कालवा, धरण असं काही व्हायच्या आधी गावात जायचं, घरोघर बसायचं, आणि ह्यानं माणसांचं भलं काय होईल आणि बुरं काय होईल ते विचारून लिहून आणायचं. त्या कामाला सरकारी नाव आहे सामाजिक परिणाम मूल्यांकन. तिची आई चांदबी शेजारणींना सांगताना एवढं लांबण लावत नसे. आमची गजाला लोकांना जाऊन विचारते, तुमचं बरं चाललंय ना, एवढंच सांगायची. आणि आईचं काही चुकत नव्हतं.

सावरीपाड्यात जो तो भलंच सांगत होता. बुऱ्याचा रकाना कोराच्या कोरा. असा अहवाल नेला तर ऑफिसात म्हणणार, बाई डोंगरात गेली होती की चौपाटीवर फिरायला? म्हणून रस्त्याची आखणी नकाशावर पाहता पाहता जेव्हा तिला दिसलं, की रेषा एका घराच्या बरोबर मधून जाते, तेव्हा तिला वाईट वाटलं हे खरं, पण थोडं हायसंही वाटलं. माणूस आहे, वाटतं असं.

ते घर रूपलीबाईचं. रूपलीबाई साठी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घर मात्र बघत राहावं असं. सागाचे खांब, भिंतीला बांबूचा कूड, वरून शेणामातीचं लिंपण, छपरावर कौलं. गजाला ओट्यावर बसली आणि शेजारी अंगणवाडीची मीनाबाई बसली, कारण रूपलीबाई बोलणार भिलीत आणि गजालाला भिली येत नव्हती.

"घरात माणसं किती?" गजालाने विचारलं. मीनाबाईने भिलीत सांगितलं. रूपलीबाईने एक बोट वर केलं.

"मदतीला कोणी? भाऊ, पुतण्या?"

भाऊ होता, तोही गेला. गजालाने लिहिलं: एकटी, आधार नाही. मग कागद बाजूला ठेवून तिने रूपलीबाईला नीट समजावून सांगितलं. घर रस्त्यात जातंय. पण घाबरायचं कारण नाही. डोंगराच्या पायथ्याला सरकारने अशा लोकांसाठी वसाहत बांधली आहे. पक्की खोली, दाराशी नळ, वीज, दवाखाना हाकेच्या अंतरावर. ह्या वयात एकट्या बाईला आणखी काय पाहिजे? गजाला हे मनापासून सांगत होती. तिला स्वतःच्या आजीसाठी अशी खोली मिळाली असती तर तिने पेढे वाटले असते.

रूपलीबाईने सगळं ऐकून घेतलं. मग ती एकच वाक्य बोलली.

"म्हणते, मला खाली पाठवू नका," मीनाबाई म्हणाली.

"का पण? तिथे काय कमी आहे?"

मीनाबाईने विचारलं. रूपलीबाईने मान हलवली आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं. तिने गजालाचा हात धरला होता आणि तो सोडतच नव्हती. गजालाला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला नव्याची धास्ती असतेच, गेली की रुळेल. तिने हात थोपटला, उठली, आणि मनातल्या मनात वसाहतीची शिफारस लिहूनही टाकली.

संध्याकाळच्या आत आंब्याखाली सभा झाली. पाड्याचा कारभारी दलसिंग मधोमध बसला. काठीची होळी नुकतीच झाली होती, गुजरातेत कामाला गेलेली माणसं सणाला आलेली अजून परत गेली नव्हती, त्यामुळे सभा भरगच्च. गजालाने सगळ्यांना नकाशा दाखवला. म्हणाली, रेषा ही अशी जाते, रूपलीबाईचं घर मधे येतं, ते निघाल्याशिवाय रस्ता पुढे सरकणार नाही. शुक्रवारी मोजणीचे साहेब येतील, मापं घेतील, मग पुढचं काय ते ठरेल.

दलसिंगने एकच गोष्ट विचारली. त्याला मोडकी का होईना मराठी येत होती. "रेषेच्या बाहेर म्हणजे कुठवर?"

गजालाने वरच्या अंगाला असलेलं मोहाचं झाड दाखवलं. "त्या मोहाच्या पलीकडे असतं, तर सुटलं असतं."

"बरं," दलसिंग म्हणाला.

कोणी हरकत घेतली नाही, कोणी आवाज चढवला नाही. असली गोड सभा गजालाने नोकरी लागल्यापासून पाहिली नव्हती. ती खुशीत शहाद्याला परतली, आणि चांदबीने केलेली खिचडी दोनदा मागून घेतली.

शुक्रवारी ती मोजणीच्या जीपमधूनच आली. साहेब म्हणजे फत्तेसिंग गिरासे. जाडजूड मिशा, कपाळावर कायमची आठी, आणि कलेक्टर असो की कोतवाल, सगळ्यांशी अहिराणीतच बोलणार. वाटभर ते गजालाला सांगत होते, की ह्या खात्यात सगळ्यांना घाई आणि शिव्या खायला मात्र मी. जीप पाड्याच्या तोंडाशी थांबली. साहेब उतरले, नकाशा पाहिला, समोर पाहिलं, पुन्हा नकाशा पाहिला.

"पोरी, घर कोठे शे?"

गजालाने समोर पाहिलं. ओटा होता. ओट्यावर खांबांचे खड्डे होते. चूल होती तिथे काळा डाग होता. घर नव्हतं. खांब नाही, कूड नाही, एक कौल नाही. तिने नजर वर उचलली, तर मोहाच्या पलीकडे तेच घर ऐटीत उभं होतं आणि कौलांतून धूर येत होता. रूपलीबाईचा स्वयंपाक चालला होता.

दलसिंग हसत हसत खाली आला. साहेबांना रामराम करून म्हणाला, "रेषा मोकळी केली. आता आणा रस्ता."

फत्तेसिंग साहेबांनी एकदा दलसिंगकडे पाहिलं, एकदा गजालाकडे. मग ते ओट्याच्या कडेला जाऊन खाली बसले आणि डोक्याला हात लावला.

आता ह्यात बिघडलं काय, असं कोणालाही वाटेल. घर हलवायचंच होतं, ते हललं. पण सरकारी काम असं चालत नाही. मोजणीच्या दिवशी रेषेत घर दिसलं, तर ते घर बाधित. बाधित असेल, तर त्या बाईला बदली जागा द्यायला सरकार बांधील. घर दिसलंच नाही, तर बाईही बाधित नाही, आणि तिचा कशावर हक्कही नाही. वरची मोहाची जागा तर जंगलखात्याची. तिथे आज ना उद्या गार्ड येणार आणि अतिक्रमण म्हणून घर उतरवायला लावणार. मग खाली नाही, वर नाही, रूपलीबाई राहणार कुठे? वसाहतीतली खोलीसुद्धा तिला मिळाली नसती.

"साहेब, पण इथे घर होतं. मी स्वतः ओट्यावर बसून चहा प्यायलेय," गजाला म्हणाली.

"तू चहा पिनी, मी नई पिना," साहेब म्हणाले. "मी जे दखस ते लिखस. आठे मले खड्डा दिसी ऱ्हायनात. खड्डासले घर कसं लिखू?"

साहेब उठले, पँट झटकली. पुढच्या पाड्याची मोजणी बाकी होती, मुक्काम तिकडच्या आश्रमशाळेत होता. जीपमध्ये बसताना ते म्हणाले, "सकाय दुपारले याच वाटवर परत येसू. तव्हय जे दिसी ते लिखसू. आज मी काहीच लिखत नई."

जीप गेली, आणि मग गजालाचा बांध फुटला. ती दलसिंगवर घसरली. मला विचारायचं तरी. निरोप धाडायचा. मोजणी झाल्यावर, म्हणून सांगितलं होतं ना मी? दलसिंग शांतपणे ऐकत होता. त्याचं त्याला काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं.

"बाई, तू बोलली, घर निघाल्याशिवाय रस्ता नाही. तू मोह दाखवला. मग वाट कसली बघायची? एका घरासाठी सगळ्यांचा रस्ता अडणार? लाह घातली, घर नेलं."

लाह म्हणजे काय, ते मीनाबाईने सांगितलं. पाड्यात कोणाचं घर उभं करायचं असो, शाकारायचं असो, की शेताचा बांध घालायचा असो, घरोघर निरोप जातो आणि प्रत्येक घरातून एक माणूस येतो. मजुरी नाही. ज्याचं काम तो जेवू घालतो, झालं. आज तुझं, उद्या माझं. इथे घर हलवायचं आहे असं कळल्यावर कागदाची वाट बघणं म्हणजे त्या घरच्या माणसाला वाऱ्यावर सोडणं. गजालाने सभेत एक माहिती सांगितली होती. सभेने ते काम म्हणून ऐकलं होतं, आणि जमलेल्यांपैकी एकालाही त्यात शंका वाटली नव्हती.

एवढ्यात रूपलीबाई वरून उतरली. तिने हात पदराला पुसले, गजालाच्या समोर उभी राहिली आणि काहीतरी विचारलं. तिचा चेहरा इतका उजळला होता की मीनाबाईला मराठीत सांगताना जड गेलं.

"विचारते, आता घर आड येत नाही ना? मग आता मला खाली कोणी पाठवणार नाही ना?"

म्हातारीने त्यासाठी सगळ्यांना जेवू घातलं होतं. पाळलेला कोंबडा कापला होता. आणि तिला वाटत होतं, सुटले. खोटं बोलण्याची सोय नव्हती. गजालाने होतं ते सगळं सांगितलं, जंगलखात्याचंही सांगितलं. मीनाबाई एकेक वाक्य भिलीत सांगत गेली तसतशी रूपलीबाई खाली बसत गेली. ती रडली नाही. फक्त ओट्यावरच्या एका खड्ड्यात हात घालून माती चाचपत राहिली. ते बघून गजालालाच रडू आलं, आणि तिने ते लपवलंही नाही.

दलसिंग रूपलीबाईशेजारी ओट्यावर टेकला. मग म्हणाला, "साहेबाला घर कुठे दिसलं पाहिजे?"

"होतं तिथेच."

"उद्या दुपारी?"

"हो."

"दिसेल," दलसिंग म्हणाला, आणि निरोप द्यायला निघाला.

गजाला जागीच उभी. हे खोटं तर होत नाही ना, हा विचार तिला टोचत होता. संस्थेत फोन करून विचारावं, तर पाड्यात रेंज नाही. मग तिने स्वतःच विचार केला. घर इथे होतं, हे खरं. रस्त्यामुळे हललं, हेही खरं. पुन्हा होतं तिथे ठेवलं, तर ह्यात खोटं ते काय? खोटं तर कोऱ्या रकान्याने झालं असतं. आणि साहेबांपासून काही चोरून ठेवायचं नाही, घडलं ते जसंच्या तसं आपणच सांगायचं, हे तिने ठरवून टाकलं. तेवढ्याने तिचा जीव हलका झाला आणि तिने ओढणी कमरेला खोचली.

माणसं यायला लागली. कोणी कपाळाला आठी घातली नाही. परवाच तर नेलं होतं, आता पुन्हा का, असं विचारणारे विचारत होते, पण विचारता विचारता छपरावर चढत होते. कौलं उतरायला लागली. मोहापासून ओट्यापर्यंत माणसांची रांग लागली आणि एकेक कौल हातोहात खाली येऊ लागलं. गजाला दोन बायांच्या मधे उभी राहिली. सुरुवातीला बरं चाललं होतं. मग तिने एक कौल घेतलं, पुढे देता देता बघितलं कुठे भलतीकडेच, आणि कौल दगडावर पडून दोन तुकडे.

सगळी रांग थांबली. मग रांगभर हसू पसरलं.

"कौल फोडलं त्याने पाणी भरायचं," मीनाबाई म्हणाली. "मॅडम असो नाहीतर कारभारी. तो बघ हंडा."

गजालाने ओहोळावरून हंडे भरून आणले. चढावर तिला धाप लागायची आणि वरून बाया तिला चिडवायच्या, शहाद्याला पाणी नळातून पडतं म्हणून पाय असे झालेत का. तिला त्याचा राग आला नाही. उलट कितीतरी दिवसांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं. अंधार पडायच्या आत खांब जुन्या खड्ड्यांत उभे राहिले, आढं चढलं, वासे बसले. मग सगळ्यांनी उडदाची डाळ आणि भाकरी खाल्ली. ह्या वेळी डाळ दलसिंगच्या घरून आली होती, रूपलीबाईचा डबा आधीच रिकामा झाला होता. गजाला मीनाबाईकडे झोपली, ती पडल्या पडल्या.

उजाडल्यावर कुडाचं काम निघालं. आणि इथे सगळे हात आखडून बसले. बांबू आणून ठेवला, दोऱ्या भिजवून ठेवल्या, पण बांधायला कोणी पुढे होईना.

"कशासाठी थांबलेत?" गजालाने विचारलं.

"रूपलीबाईसाठी," मीनाबाई म्हणाली. "कूड तीच बांधते. तिच्या घरचाच नाही, पाड्यात ज्याचं घर उठतं त्याचा. प्रत्येक घरातून एक माणूस येतो ना लाहेला, तिच्या घरून तीच येते. एकदा चुकली नाही. दलसिंगच्या घराचा कूड तिचा, माझ्या घराचा तिचा, त्या पलीकडच्या घराचाही तिचाच."

रूपलीबाई आली, मांडी घालून बसली, आणि बांबूला बांबू जोडत निघाली. तिची बोटं वाकडी झाली होती, पण गाठ पडत होती ती घट्ट. गजाला तिच्यासमोर बसून राहिली. कुडाकडे बघता बघता तिला आपल्याच अक्षरातली ओळ आठवली. एकटी, आधार नाही. आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की कान तापले. घरातली माणसं मोजली होती तिने, आणि तेवढ्यावर बाईला पायथ्याला धाडायला निघाली होती. पक्क्या खोलीत, जिथे कोणाच्या भिंतीला तिचे हात लागले नव्हते आणि कोणी तिच्यासाठी छपरावर चढणार नव्हतं. रूपलीबाईने का ते सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायची गोष्ट असते असं तिला कधी वाटलंच नसणार.

दुपारी जीप आली, तेव्हा छपराचा शेवटचा कोपरा अजून उघडा होता आणि दोघं जण कौलं लावत होते. फत्तेसिंग साहेब उतरले. घराभोवती एक फेरी मारली. कुडाच्या लिंपणाला बोट लावलं, बोटाला ओली माती आली. त्यांनी बोट गजालाला दाखवलं.

"हाई काय शे?"

गजालाने सगळं सांगितलं. काल दुपारपासूनचं, आपण फोडलेल्या कौलासकट. एक शब्द गाळला नाही. साहेबांनी मनात आणलं असतं तर तिची नोकरी आणि रूपलीबाईचं घर, दोन्ही एका दमात गेली असती. रूपलीबाई खांबाला धरून उभी होती.

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "इतली नोकरी झायी मन्ही. रस्तासाठे घर पाडतांना बठ्ठा लोकसले दखं. घर मांगे येतांना आज दखी ऱ्हायनू." आणि मग आपल्या माणसांकडे वळून ओरडले, "दखी काय ऱ्हायनात? टेप काढा."

मोजणी झाली. लांबी, रुंदी, खांब, कौलारू छप्पर, सगळं लिहिलं गेलं. दलसिंगने अंगठा न करता सही केली आणि साहेबांना ती दोनदा दाखवली. रूपलीबाईने साहेबांना आमचूर दिलं. ते त्यांनी रुमालात बांधून खिशात ठेवलं.

निघताना साहेब गजालाला बाजूला घेऊन म्हणाले, की बाधित तर झाली, पण आता हिला द्यायचं कुठे ते तुझ्या अहवालावर आहे. खाली वसाहत तयार पडली आहे. ती सोडून जंगलाची जागा द्या म्हणशील, तर वरचे कारण विचारतील. काय सांगशील?

"सांगेन, खाली हिचं घर शाकारायला कोण येणार?" गजाला म्हणाली. "आणि इथल्या घरांचे कूड कोण बांधणार?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "असंच लिख," ते म्हणाले. "साहेबी भाषामा नको लिखू."

गजालाने तसंच लिहिलं. बुऱ्याच्या रकान्यात लिहिलं, की रूपलीबाईला पाड्याबाहेर नेलं तर तिचं घर जाईल आणि पाड्याचाही एक हात जाईल. ऑफिसात थोडी कुरकुर झाली. हे मापात कसं बसवायचं, असं कोणी विचारलं. पण पुढे जनसुनावणी लागली, ग्रामसभेने मोहापलीकडची जागा रूपलीबाईला द्यावी असा ठराव केला, फत्तेसिंग साहेबांनी मोजणी समोर ठेवली, आणि जंगलखात्यानेही मान डोलावली. मीनाबाईने तो निर्णय भिलीत वाचून दाखवला, तेव्हा रूपलीबाईने पहिल्यांदा विचारलं, मग घर उद्याच न्यायचं का. सगळी सुनावणी हसली. घर पुन्हा वर गेलं, ह्या वेळी कायमचं. गजाला त्या लाहेला गेली होती आणि तिने एकही कौल फोडलं नाही.

पाऊस झाला, पिकं निघाली, रस्त्याची खडी पडली. गजाला नवापूरकडच्या एका कालव्याच्या कामाला लागली. चिंचपाड्याजवळ ती घरोघर फिरत असे, आणि आता माणसं किती म्हटल्यावर कोणी एक बोट वर केलं, की ती पुढे विचारत असे, तुमच्या घरी कामाला कोण कोण येतं आणि तुम्ही कोणाकडे जाता. त्याला वेळ लागायचा, पण रकाने भरायचे.

एका शनिवारी संध्याकाळी मीनाबाईचा फोन आला. रस्त्याबरोबर डोंगरात थोडीशी रेंजही आली होती.

"उद्या दलसिंगच्या मोठ्या मुलाच्या घराची लाह आहे," मीनाबाई म्हणाली. "रूपलीबाईचा गुडघा धरलाय. उठता येत नाही."

"मग औषध पाठवू का?"

"औषध आहे. ती म्हणते, तिच्या घरून तू ये."

गजाला म्हणाली, "येते."

सकाळी ती निघाली तेव्हा चांदबीने विचारलं, की रविवारी कसली ड्यूटी. ड्यूटी नाही अम्मी, घरचं काम आहे, असं म्हणून गजालाने डबा घेतला. चांदबीला काही कळलं नाही, पण तिने डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या. खडीच्या रस्त्यावरून जीप थेट ओहोळापर्यंत गेली.

रूपलीबाईला चौघांनी खाटेसकट उचलून नव्या घरासमोर आणून ठेवलं होतं. तिथून तिची देखरेख चालली होती. बांबू तयार, दोऱ्या भिजवलेल्या. सगळे हात आखडून बसले होते आणि गजालाकडे बघत होते. ती कुडासमोर बसली, बांबूला बांबू जोडला आणि गाठ मारली. तिला वाटलं, जमली.

खाटेवरून रूपलीबाई काहीतरी बोलली. मीनाबाईने तोंड उघडलं, पण गजालाने तिला हातानेच थांबवलं. एवढी भिली तिला आता कळायला लागली होती. सैल झालीय, रूपलीबाई म्हणत होती, नीट बांध पोरी, आपल्या घराचं नाव जाईल.

गजालाने गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.